हरलेल्यानं न्यायचा निरोप

आमच्या युनियनमध्ये एक पद्धत आहे. बाहेर सांगितली की लोक हसतात. गेटसभेत ज्याचं म्हणणं पडतं, त्यानंच सभेचा निर्णय कंपनीच्या साहेबांकडे घेऊन जायचा. जिंकलेला गेला तर ऐटीत बोलतो आणि हरलेला घरी बसून कुरकुरतो, असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं. इतरांवर ही पाळी आली तेव्हा मी या पद्धतीचं मनापासून कौतुक केलं. यंदा ती माझ्यावर आली.

कारखाना नगर रस्त्यावर, वाघोलीच्या बराच पुढे. युनियनची खोली मात्र कसबा पेठेत, एका अरुंद जिन्यावर. खाली तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज चालू असतो, त्यामुळे वर सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय लागली आहे. या खोलीनं मला काय दिलं ते सांगायला मी अपुरा आहे. वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी कोणी कधी बसायचं हे इथंच ठरलं होतं. मला न विचारता.

यंदाच्या करारात कंपनीनं एक कलम घातलं. पुण्याहून सुटणारी कंपनीची बस यापुढे फक्त कायम कामगारांसाठी. वाघोलीत खोल्या करून राहणाऱ्या कंत्राटी कामगारांनी आपलं आपण यावं. पगारवाढ चांगली होती, बाकी कलमंही बरी होती. कमिटीत मी म्हणालो, "सही करून टाकू. ते आपले सभासदही नाहीत. आणि खरं सांगू का, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "अहो, आपण कमिटीत कशासाठी आलात? बसमध्ये जागा धरायला?"

सगळे हसले, मीही हसलो. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा बरेचजण माझ्या बाजूनं निघाले. विषय गेटसभेपुढे गेला.

पहिली पाळी सुटल्यावर सभा भरली. करार कलमागून कलम वाचून दाखवला. आमच्याकडे प्रत्येक सभासदाला एकदा माइक मिळतो, आणि हवं तर आपली पाळी तो दुसऱ्याला देऊ शकतो. बसचं कलम आलं तेव्हा पॅकिंग खात्यातल्या एक बाई उठल्या. "माझी पाळी यांना," म्हणाल्या, आणि गेटच्या कडेला उभ्या असलेल्या एका कंत्राटी कामगाराला हातानं ओढून पुढे आणलं. तो वाशीमकडचा, माझ्याच लाइनवरचा.

त्यानं माइक तोंडापासून लांब धरला होता. "मले भाषन येत नाही. सकाळच्या पाळीले वाघोलीतून दुसरी गाडी नाही भेटत. बसमधी बसाले नका देऊ. उभं राहू द्या." एवढंच बोलून त्यानं माइक बाईंकडे परत दिला.

"उभं का म्हणून?" बाई माइकमध्येच म्हणाल्या. "बसायचं."

मतं झाली; करार आहे तसाच मान्य असेल त्यांनी हात वर करायचा होता. कलम काढल्याशिवाय सही नाही, असं ठरलं. कमिटीत माझ्या बाजूनं असलेल्यांपैकी काहींचे हात खाली राहिले. माझा वर होता. तो माणूस समोर असताना, त्याचं ऐकल्यानंतरही. हे मी कुणापासून लपवत नाही. लपवता येणारही नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर बसलो. त्यांनी चहा मागवला. "कालचं कळलं मला. तुमचं स्वतःचं मत तर वेगळं आहे ना? मग सोपं आहे. तुम्ही निरोप सांगा, मी नाही म्हणतो. दोन-चार दिवसांत लोक आपोआप सहीला येतील."

ते खरंच सोपं होतं. निरोप पोचला असता, पद्धत पाळली गेली असती आणि मला हवं तेच झालं असतं. मला मोह पडला नाही असं मी म्हणणार नाही. चहा संपवून मी कप खाली ठेवला.

मग म्हणालो, "साहेब, माझं मत काल गेटवर पडलं. इथं मी ते घेऊन आलेलो नाही."

आणि भांडलो. सकाळच्या पाळीला निम्मी लाइन ती माणसं चालवतात, ती पोचली नाहीत तर आम्ही कायमवाले बसून काय करणार, असं विचारलं. बाईंचं वाक्यही सांगितलं, उभं नाही, बसायचं. बोलताना माझा आवाज कसबा पेठेतल्या खोलीत चढतो तसा चढला होता. माझं मन तेव्हा बदललं होतं का, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. पण माझ्या तोंडून गेट बोलत होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटला. स्वतःच्या मतासाठी मी इतका नेटानं कधी बोललो नव्हतो.

त्या आठवड्यातच कलम निघालं आणि सह्या झाल्या. वाशीमचा तो माणूस लाइनवर माझ्याजवळ आला आणि माझे हात धरून आभार मानू लागला. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "अहो, सभेत माझा हात तुमच्या विरुद्ध होता."

"पाह्यलं ना मी," तो म्हणाला. "पन आत तं तुमीच गेल्ते."