पांडूचं लगीन उनाळ्यात

मिठागरात पानी आटलं का मीठ उरतं. गोष्टींचं पन तसंच हाय. मिठागर गेलं, मास्तर गेला, हसनभाईची लढाईतली मोडकी जीप भंगारात गेली. पन चार जुने गडी बसले का गोष्टींचा हा ढीग! कितीपन भरा, सरत नाय.

*

थंडीचे दिवस. पनवेलच्या बाजारात मी न पांडू चा पीत होतो. मुंबईच्या कॉलेजातला एक मास्तर आला, मूळचा रत्नागिरीकडचा. बोलला, "उन्हाळ्याला जायचंय. सामान उचलायला दोन माणसं हवीत."

मी बोललो, "सायेब, उनाळ्याला अजून जाम टाइम हाय. बसा, चा घ्या!"

मास्तर हसत सुटला. त्याच्याकडे गरम पान्याच्या झऱ्याला उन्हाळं बोलतात. आमी कुंड बोलतो. त्याला पालीकडच्या कुंडाचं पानी तपासायचं होतं. सरळ कुंड बोलला असता तर जीभ झडली असती काय?

पांडू लगेच तयार! मिठागरात चिखल तुडवून त्याचे पाय फुटलेले, भेगांतून रगत यायचं. ओवे गावच्या सोनीवर त्याचा जीव. पन तिचा बाप, सोता जल्मभर मिठागरात राबलेला, तोंडावर बोलला होता, "पयले पाय बरे कर, मग पोरगी माग." कुंडाचं पानी पायाला चांगलं, असं पांडूनं ऐकलेलं.

*

हसनभाईच्या जीपमधून निघालो. कुंड जवळ आलं तशी नासक्या अंड्याची घान! हसनभाई नाक दाबून बोलला, "या अल्ला, डब्यात अंडी कोनी आनली?" जेवनाचा डबा माझा, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं फिरलं. हसनभाईच्या सात पिढ्या मी उद्धारल्या.

मास्तर हळूच बोलला, "अहो, तो पाण्यातल्या गंधकाचा वास."

"मग पयलेच सांगायचं ना! शिव्या फुकट गेल्या!"

*

मास्तर कडेचं शेवाळ खरवडायचा न बाटलीत भरायचा. बोलला, "यात जिवंत जंतू आहेत. कढत पाण्यात एक जात, कोमट पाण्यात दुसरी. म्हणून हा पट्टा पिवळा, तो हिरवा."

मी बोललो, "पनवेलच हाय की! कोळी खाडीच्या कडेला, आमी मिठागराच्या कडेला, पैसेवाले तळ्याच्या कडेला!"

मास्तर बोलला, "हे मी वर्गात सांगणार."

*

पान्यात आंबट असलं का लाल होनारा कागद मास्तरकडे होता. पांडूनं तो चोरून पायाला लावला. कागद लालभडक! पांडू रडकुंडीला आला, "कागद नाय बोलतोय रे! गेली सोनी!"

"कागद काय डाक्तर हाय? पायाला काय लावलंस?"

"चिंच. मावशी बोलली."

अशी कानफटात ठेवून दिली!

*

सगळी थंडी आमी मास्तरबरोबर कुंडावरच. थंडी सरता सरता पांडूच्या भेगा मिटल्या. मास्तर बोलला, "पाय खाऱ्या चिखलाबाहेर राहिले, म्हणून." पांडू ऐकतो काय? "नाय, जंतूंनीच केलं!" कुंडाला तर तो आता उनाळंच बोलायचा.

ओव्याला जाऊन त्यानं सासऱ्याम्होरं पाय ठेवले. सासऱ्यानं दाबून बघितले न बोलला, "जमलं. लगीन उनाळ्यात."

तिथी ठरली. पांडूला माय ना बाप, सगळी धावपळ माझी. आदल्या दिवशी बोलला, "मी पुढे होतो, तुमी या."

लगनाच्या सकाळी ओव्याला मांडव तयार, नवरी तयार, नवरा नाय! सोनीनं रडून डोळे सुजवले. सासरा कोयता शोधत होता. माझ्या एकदम डोक्यात आलं. हसनभाईला बोललो, "काढ जीप!" सासरा पन चढला.

कुंडावर पांडू मुंडावळ्या बांधून पान्यात पाय सोडून बसलेला. बाजूला मास्तर कोट घालून, हातात नारळ.

मी वरडलो, "भाड्या, लगीन ओव्याला हाय!"

पांडू सासऱ्याकडे बोट करून बोलला, "मामाच बोलले ना, उनाळ्यात!"

सासऱ्याच्या कपाळाची शीर फुगली. आता हा मुडदा पाडतो, मला वाटलं. तो पान्याजवळ गेला. पांडूच्या पायांकडे बघितलं. मग आपल्या वहाना काढल्या, भेगाळलेले पाय पान्यात सोडले न डोळे मिटले.

डोळे न उघडताच बोलला, "हसनभाई, जा. पोरीला हितंच घेऊन ये."