खिडकीवरची गिऱ्हाइकं

तळमजल्यावरच्या त्या बाईंना सगळे खिडकीवाल्या मावशी म्हणत. शिलाई मशीन खिडकीला चिकटून आणि खिडकी गल्लीला चिकटून. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला निम्मं गाव याच गल्लीत घुसायचं. सकाळी नऊला अशी रांग लागायची की पुढची गाडी हलेपर्यंत मागच्याची दाढी वाढावी. मावशींचं काम चालायचं ते या खोळंब्यावर. काच खाली व्हायची, हात बाहेर यायचा, हातात पँट.

"मावशी, चेन गेली. संध्याकाळी नेतो."

"चेन गेली की पोट आलं?"

"दोन्ही!"

संध्याकाळी परतीच्या खोळंब्यात पँट आल्या वाटेने परत जायची. कुणाचं नाव विचारायची पद्धतच नव्हती. मावशी कपड्याला चिठ्ठी टाचत. 'लाल गाडी, फुटका आरसा.' 'टॅक्सी, खोकतो.' 'पांढरी, मागे बाळ.' नवरा गेला, मुलगा दूरदेशी गेला, तरी दिवसाला वीसेक माणसं खिडकीशी दोन शब्द बोलून जात होती. मावशींना ते पुरत होतं.

मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या बायकोला दारातच एका स्कूटरने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. मास्तर तिरीमिरीत गल्ली गाड्यांना बंद करण्याचा अर्ज घेऊन घरोघर फिरले आणि त्यांच्या सहीखाली पहिली सही मावशींनी केली. गाड्या बंद झाल्या की गाडीतली माणसंही बंद होतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. गाड्या वेगळ्या, माणसं वेगळी, असाच त्यांचा हिशेब.

एका सोमवारी गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या जाडजूड कुंड्या येऊन बसल्या. पाटी लागली: सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर वाहनांना प्रवेश बंद. मावशींच्या दोरीवर तेव्हा अकरा कपडे लटकत होते.

मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं.

"बरंच झालं की आई. आता शांत झोप."

"झोपच तर काढतेय दिवसभर."

"मग?"

"मग काही नाही. जेवलास?"

चौथ्या दिवशी कपडे पिशवीत भरून मावशी मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलला जाऊन उभ्या राहिल्या. पण हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या गाड्या ओळखणाऱ्या मावशींना धावत्या गाड्या काही ओळखू येईनात. तासाभराने एक टॅक्सी थांबली आणि आतून ओळखीचा खोकला आला.

"मावशी! तुम्ही इथे कुठे?"

"तुमचा शर्ट! घ्या, घ्या!"

सिग्नल सुटला, मागून हॉर्न कोकलायला लागले. मावशींनी घाईघाईत पिशवीत हात घातला, हाताला लागलं ते काचेतून आत कोंबलं. टॅक्सी गेल्यावर बघतात तर शर्ट पिशवीतच. तो खोकणारा बाबा बाळाचं झबलं घेऊन गेला होता! मावशींना इतकं हसू आलं की हे कुणाला तरी सांगायलाच हवं असं वाटलं. शेजारी सिग्नलचा खांब होता. त्या घरी आल्या. पुन्हा काही गेल्या नाहीत.

सहा महिने सरले आणि घरोघर कागद आला. दोन चौकोन: 'बंदी कायम ठेवावी', 'बंदी उठवावी'. एका घराला एक मत. मास्तर गोळा करायला येणार होते. मावशींनी दोन दिवस कागद मशीनवर ठेवला. दुसऱ्या चौकोनात खूण केली तर कदाचित पुन्हा काचा खाली होतील, कुणीतरी मावशी म्हणून हाक मारेल. कुणाला कळणारही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. आधी भिंतीच्या कडेने चालल्या, मग थांबल्या, आणि सरळ गल्लीच्या मधोमध आल्या. मागे वळून न बघता चालत राहिल्या. पावलं मोजण्यात इतक्या गुंतलेल्या की खिडकीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मावशींनी पेन उचललं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. शाई नीट उतरली नाही म्हणून पुन्हा गिरवली.

संध्याकाळी मास्तर आले.

"बघत नाही हं मी," म्हणत त्यांनी कागद दुमडून पिशवीत टाकला.

"बघा की, त्यात काय. या ना, चहा टाकते. एक गंमत सांगायची राहिलीय, झबल्याची."

"आज नको मावशी, अजून नऊ घरं व्हायचीत."

मास्तर गेले. मावशी मशीनपाशी बसल्या. पूर्वी गाड्यांच्या गोंगाटात शेजारच्या दाराची कडीसुद्धा ऐकू यायची नाही. आता मास्तरांच्या चपला, दारावरची थाप, "या, या, बसा ना," सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. एक घर, दुसरं घर, तिसरं. पाचव्या घरात मास्तर चहाला बसले, हेही कळलं.