दीड दिवसाचं सुतक

दुपारचं जेवण आटोपून वामन कॉटवर आडवा होतो. झोप म्हणावी तर लागलेली नाही, पण पंख्याची घरघर लांब लांब जातेय. पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये हेरंबची शोकसभा आहे. सेक्रेटरी खाडिलकर सकाळीच बजावून गेलेत, "मामेभाऊ म्हणून दोन शब्द तुम्ही बोला."

मामेभाऊ! तीस वर्षं दोघांनी या घरात संसार केला. हे घर घेताना कुणी वाकडं बघू नये म्हणून हेरंबनंच हे नातं लावून दिलं. तो गेला तेव्हा गुरुजी म्हणाले, "मामेभावाला सुतक दीड दिवसाचं. उद्या संध्याकाळी तुम्ही मोकळे." दिवस हेरंबच्या पुतण्यानं केले.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

शेजारी हेरंब बसलाय, एसटीच्या वर्कशॉपमधल्या खाकी कपड्यांत. कॉटचं बसमधलं बाक झालंय. खिडकीबाहेर त्यांचीच गॅलरी आणि दोरीवरच्या लुंग्या मागे मागे पळताहेत.

वामन त्याला निरखून बघतो. मेलेलं माणूस इतकं टवटवीत कसं? हा खरंच तोच का, म्हणून तो पारखून बघतो. "माझ्या हातचं तुला काय आवडायचं नाही, सांग बघू."

"काहीच आवडायचं नाही. बोललो का कधी?"

बोलणं तर त्याचंच. तरी वामन अंग चोरून बसतो.

हेरंब त्याच्या तळहातावर चिमूटभर तंबाखू टाकतो, वर चुना. "मळ की जरा, वाम्या." वामननं जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही, पण अंगठा आपोआप चालू लागतो.

कंडक्टर येतो. तिकिटाचं विचारतच नाही. "नातं काय?"

पुढच्या बाकावर एक जोडपं आहे, हातावरची मेंदीसुद्धा उतरलेली नाही. "नवरा-बायको," मुलगी म्हणते. कंडक्टर मान डोलावून मागे वळतो.

"मामेभाऊ," हेरंब पटकन म्हणून मोकळा होतो.

"मग तुम्ही बाहेर थांबा," कंडक्टर वामनला म्हणतो.

आणि बसच्या दाराचं हॉस्पिटलचं काचेचं दार होऊन जातं. आत हेरंब, नाकात नळी. बाहेर वामन, हातात तसाच तंबाखू. पुतण्या त्याच्या अंगावरून आत जातो. सही त्याची. नळी ठेवायची की काढायची, ते ठरवणार तो. काकाला पेनिसिलिन चालत नाही, एवढंही ज्याला ठाऊक नाही, तो.

"तुला माझी लाज वाटायची!" वामन काचेवर थाप मारतो. "म्हणून मामेभाऊ!"

"लाज नाही रे. भीती." हेरंब पुन्हा बाकावर त्याच्या शेजारी आहे. "मामेभाऊ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. आणि कायद्यात आपल्यासाठी शब्द होता कुठे?"

"आपल्यासारख्यांच्या लग्नाचा कोर्टाचा निकाल लागायचा होता, त्या दिवशी मी आधीच शिरा करून ठेवला होता."

"आणि निकाल उलटा गेल्यावर तो तू खाडिलकरांकडे दिलास. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणून!"

दोघं हसतात. वामन मधेच थांबतो. "खरं सांग, तुला पुतण्यानं पाठवलंय ना? मी सभेत तोंड मिटून बसावं म्हणून?"

"जिवंतपणी त्याचं एक अक्षर ऐकलं नाही, आता ऐकू?" हेरंब त्याचं मनगट घट्ट धरतो. "वाम्या, मला दीड दिवसात आटपू नकोस. जे होतं ते सांगून टाक."

"तुला काय जातंय सांगायला? तू मेलास. मला याच जिन्यानं रोज खालीवर करायचंय."

"म्हणून तर तू सांग. मेलेल्याचं कोण ऐकतं?"

दाराची बेल वाजते. बस नाही, हेरंब नाही. कोण होता तो, या विचारातच वामन उठतो आणि दार उघडतो.

"चला, लोक जमलेत," खाडिलकर म्हणतात. मग त्यांची नजर खाली जाते. "अहो, अंगठ्याला चुना कसला? तुम्ही कधीपासून तंबाखू खायला लागलात?"

वामन अंगठा नाकाशी नेतो. उग्र वास येतो. तो हात पाठीमागे घेतो, मग पुन्हा पुढे आणतो.

"खाडिलकर, मी हेरंबचा मामेभाऊ नव्हतो."

"मग कोण?"

"तुमच्या घरी वहिनी आहेत ना, तुमच्या कोण? तोच मी त्याचा."

वामनच्या अंगठ्यावरचा चुना वाळत चाललाय. नखाशी बारीक चीर पडलेली आहे, तिथे तो झोंबतो.