चाळीस अडीचे शंभर

मुंजाजीची गोष्ट सांगायची म्हटलं की मला आधी थुंकावंसं वाटतं. त्याच्यावर नव्हे, आमच्यावर.

तेलगावात बबनरावांचा जिन होता, कापसातली सरकी काढायचा कारखाना. मी तिथला मुनीम. बबनरावांनी सोलापूरच्या एका गिरणीतून तेलावरचं इंजिन आणि जुना डायनामो आणवला, तेव्हा तो चालवायला माणूसही तिथूनच आणावा लागला. तो मुंजाजी. मूळचा आमच्याच गावचा, पण घर गावकुसाबाहेर. सोलापुरात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. "इथंबी मिस्त्रीच म्हणू," असं बबनरावांनी कबूल केलं आणि तेवढ्यावर भुलून तो परत आला. आला त्या दिवसापासून बबनराव त्याला मुंज्या म्हणत. मीही म्हणत असे.

शाळेच्या ओसरीबाहेर उन्हात बसून त्यानं पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ केली होती, आणि विजेचं गणितही तो त्याच पाढ्यांवर करी. डायनामोच्या पोटात तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून थोडी वीज वाहिली तरच बाकीची वीज तयार होते. रोज सकाळी तो त्या गुंडाळीचे दोन काटे बघे, एक व्होल्टाचा आणि एक अँपिअरचा.

"मुनीमजी, व्होल्टाला अँपिअरनं भागलं की तार किती अडवती ते कळतंय. गुणलं की किती तापती ते."

एकशे दहा व्होल्ट, दोन अँपिअर. रोध पंचावन्न ओहम, शक्ती दोनशे वीस वॅट. हे आकडे तो कोळशानं भिंतीवर लिही. वर्षभर तेच पंचावन्न, तेच दोनशे वीस.

"मुंज्या, रोज तेच येतंय तर लिव्हतोस कावून?" मी एकदा हसून विचारलं.

"ज्या दिशी येनार न्हाई, त्या दिसासाठी."

निजामाच्या राज्यात तेव्हा फसली सन चाले; तेराशे पंचेचाळीसचा दसरा आला. त्या संध्याकाळी तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टरच, जिनाचे दिवे बघायला येणार होते, आणि बबनराव आठ दिवस आधीपासून शेपूट हलवत फिरत होते. आदल्या दिवशी खंडेनवमी, अवजारांची पूजा. पण वर्षभर ज्या यंत्राला मुंजाजीचा हात लागला, त्याची पूजा गुरुजी कशी करणार? मग यंत्राची शुद्धी करायचं ठरलं. मुंजाजीला फाटकाबाहेर उभं केलं आणि डायनामोवर दोन घागरी पाणी आणि तांब्याभर गोमूत्र ओतलं. चांगले मंत्र म्हणून ओतलं! नारळ फोडला तोही डायनामोवरच. आज आठवलं तरी किळस येते. गोमूत्राचा तांब्या गुरुजींच्या हातात मीच दिला होता.

दसऱ्याच्या सकाळी मुंजाजीनं यंत्र फिरवून पाहिलं. काटे शंभर व्होल्टावर आणि अडीच अँपिअरवर. तो डोळे मिटून पुटपुटला, "चाळीस अडीचे शंभर." भिंतीवर लिहिलं: रोध चाळीस, शक्ती अडीचशे. त्याचा चेहरा पार उतरला. इंजिन बंद करून तो तसाच बबनरावांकडे गेला, आणि मी मागोमाग.

"मालक, आतली तार भिजली. तारेच्या येढ्याला येढा मिळून वीज मधल्या मधी पळतीया. पंचावन्नाचे चाळीस झाले. तार कमी, ताप जास्ती. आज चालवली तर जळंल. दोन दिस शेगडीच्या उबेला वाळू द्या, मग खुशाल लावा."

"दिवा लागतो का न्हाई, तेवढं सांग बे."

"लागतो. पन..."

"मग झालं. गोमूत्रानं कुटं काय जळतंय व्हय? लई शाना झालास!"

मुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. "मुनीमजी, तुमी तर गणित जानता. सांगा की मालकाला."

मी जाणत होतो. शंभराला अडीचनं भागून चाळीस येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी खाली बघत म्हणालो, "यंत्रातलं आपल्याला काय कळतंय?"

संध्याकाळी साहेबांची मोटार आली. दिवे लागले, टाळ्या झाल्या, हार झाले. पाव तासात उग्र वास सुटला आणि दिवे तांबडे होत होत विझले. शेड धुरानं भरली. मुंजाजी आत धावला आणि इंजिनावरून डायनामोला फिरवणारा पट्टा त्यानं हातांनीच ढकलून पाडला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली. साहेब नाकाला रुमाल लावून निघून गेले, आणि बबनराव सगळ्यांदेखत ओरडले, "ह्याचा हात लागला म्हनूनच जळालं!" मुंजाजीला त्याच पावली हाकललं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भिवराबाई फाटकाशी आली. सोलापुराहून त्यानं आणलेली हत्यारं, पाने आणि पकड, तिला हवी होती. दुसरीकडे कुठं काम मिळालं तर ती लागणार होती. पूजेत मांडलेली हत्यारं बाहेर द्यायची नाहीत, असं उत्तर बबनरावांनी माझ्या तोंडून दिलं.

महिन्याभरानं हैदराबादचा एक इंजिनिअर आला. त्यानं डायनामो उघडला, काळी पडलेली गुंडाळी पाहिली, आणि मग त्याची नजर भिंतीवर गेली. पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न, आणि शेवटी चाळीस. तो बराच वेळ वाचत उभा राहिला.

"ये हिसाब कौन करा?"

बबनरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या मुनीमजींनी."

"बहुत खूब!" इंजिनिअर माझ्याकडे वळला. "फिर चलाया क्यूं?"

मी बबनरावांकडे पाहिलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

"मुनीमजींनी लई सांगितलं, साहेब. मिस्त्रीनं ऐकलं न्हाई."

मिस्त्री. मुंजाजीला कबूल केलेला तो शब्द, तो आल्यापासून, त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इंजिनिअर माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी मान डोलावली.

दुपारी भिंतीला चुना द्यायचा हुकूम झाला. कुंचला मीच घेतला. पंचावन्न एका हातात झाकले गेले, पण ओलसर चुन्यातून चाळीस पुन्हा पुन्हा वर येत होते. त्यांच्यावर मी तीन हात दिले.