तीन बाणांची पाटी

अप्पा मंगळवारी गेले. तेराव्याचं जेवण दुर्गदबैल चौकाच्या मागच्या गल्लीतल्या कार्यालयात ठरलं, आणि कलघटगीकडचे पाहुणे त्या बोळांत चुकून उपाशीच परततील, ही एकच काळजी आईला लागली. म्हणून मी सप्तापुरातल्या संगणकाच्या दुकानात पाटी करायला गेलो. शाईचा आणि गरम कागदाचा वास भरलेल्या त्या खोलीत चिन्हांचा तक्ता धुंडाळून मी 'उत्तरकार्य' या शब्दापुढे तीन बाण बसवले. दुकानदाराने छापताना सगळ्या ओळीला मराठी फॉन्ट लावला, आणि त्या फॉन्टमध्ये बाणाच्या जागी 'ह' होता. चुलतभावाने अंधारात पाटी चौकात चिकटवली, वाचली कोणीच नाही. सकाळी मामा धापा टाकत कार्यालयात आले. "चौकात काय लावलंय रे? 'उत्तरकार्य ह ह ह'. एनप्पा इदु, काय हे? दाजी गेले म्हणून हसताय काय? लोक थांबून वाचायला लागलेत." ते पाटी फाडायला निघाले, तशी आई म्हणाली, "राहू दे, अण्णा. हे हसले की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जायचं. लोक बरोबर येतील." आणि सगळे आले, कोणी तोंडाला पदर लावून, कोणी खोकल्याचं निमित्त करून. भात पुन्हा लावावा लागला. आता फोनवर बोट लावताच हवे तितके बाण उमटतात. घरात मोठ्यानं हसणारं कोणी नाही.