पारासमोर आज सायकलवरून उतरले नाही

सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता, अजूनही पुरता नाही. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या गावात पारावर म्हातारी माणसं बसलेली असली, की पोरी सायकलवरून उतरून चालत जातात. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबांनी सायकल घेऊन दिली तेव्हा एकच अट घातली होती, गावातून बोल यायला नको.

आज दर्यापूरला प्रॅक्टिकल होतं. निघायला उशीर झाला. उतारावर सायकल अशी सुटली, वारा इतका छान लागत होता, की उतरावंसंच वाटलं नाही. पारावर सगळे बसलेले होते. पार मागे पडला आणि मग बाबांची अट आठवली. सायकल गेली तर कॉलेजही गेलं.

परतताना पाराच्या बऱ्याच अलीकडे उतरले. तिथल्या सगळ्यात वयस्कर आबाजींनी हटकलं.

"काहून उतरली वं?"

"सकाळी चुकलं, आबाजी."

"बसूनच जात जा. तू हळूहळू चालत जाते, तवा तुह्या कानी पडू नये म्हून आमाले गोष्ट अर्धीच थांबवा लागते. कटाळलो आमी."

सगळे हसले. मी त्यांच्यासमोरच सायकलवर बसले आणि घंटी वाजवत घरी आले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कोणाच्या मानासाठी, त्यांना न विचारताच, असं काही करत आलात का?