गाडी अडखळू नये म्हणून

झरी गावचा नागनाथ परभणीत खोली करून राहायचा आणि कॉम्प्युटर शिकवायचा. त्र्याण्णव साली आमच्या लेखी असा माणूस म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल. मार्तंडरावांच्या त्या क्लासात दोनच कॉम्प्युटर होते, पण थाट देवघराचा. चपला बाहेर काढायच्या. का, तर पायाच्या धुळीनं मशीनला व्हायरस होतो. ही थाप नागनाथनंच मारलेली. फरशी स्वच्छ राहावी एवढाच हेतू होता, पण मार्तंडरावांसकट सगळ्यांनी ती खरी मानली.

क्लासचा शिपाई म्हणजे नागनाथचे सख्खे चुलते सटवाजी. पाठीच्या दुखण्यानं त्यांना शेतातलं काम झेपेना, म्हणून पुतण्यानंच त्यांना चिकटवलं होतं. झरीहून दोघांची भाकरी तेच आणायचे. पुतण्या शिकवायला लागला की दाराशी उभं राहून ऐकायचे. कळत काही नव्हतं, पण चेहरा असा की जणू सगळं त्यांनीच शिकवलंय.

नागनाथला एक नाद होता. क्लास सुटला की तो आणि त्याचा मित्र बन्सीधर दोन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडायचे आणि पडद्यावर मोटारींची शर्यत लावायचे. मोटार मात्र अडखळायची. मशीन सुरू झालं की तीन प्रोग्रॅम न बोलावता येऊन बसायचे आणि जागा अडवायचे. नागनाथ एकेकाला हाकलायला लागला. घड्याळ दाखवणारा गेला, गाडी जरा सुधारली. प्रिंटरचं काम बघणारा गेला, आणखी सुधारली. उरला तो फ्लॉपी तपासून व्हायरस अडवणारा. तोही काढला, आणि गाडी अशी सुटली की बन्सीधर खुर्चीतून उठून उभा राहिला. खेळ संपला की सगळे प्रोग्रॅम पुन्हा जागेवर. हे महिनोन्महिने बिनबोभाट चाललं होतं.

मग बन्सीधरनं औरंगाबादहून कुणाकडून तरी नवा खेळ आणला. ती फ्लॉपी आत गेली तेव्हा तिला तपासणारं कुणी नव्हतं. सकाळी एक मशीन सुरूच होईना. एका शाळेच्या निकालाचं काम त्यात होतं, ते सगळं गेलं.

मार्तंडराव भडकले. चपला घालून आत कोण आलं होतं, असं त्यांनी भरल्या क्लासात विचारलं. सटवाजी पुढं झाले. पाण्याचा माठ लय जड होता, घाईत तसाच आत आलो, म्हणाले. मार्तंडरावांनी शिकायला आलेल्या पोरींदेखत त्यांना वाट्टेल ते सुनावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

सगळ्यांनी नागनाथकडं पाहिलं. खरं काय ते तिथं त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "तात्या, तुमाला किती येळा सांगितलं होतं." सटवाजींनी मान हलवली आणि चपला हातात घेऊन ते निघून गेले.

नागनाथला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. रविवारी तो झरीला गेला. सटवाजी बाजेवर पडले होते. बाजेच्या कडेला बसून त्यानं सगळं सांगून टाकलं. धुळीनं काही होत नाही, ती आपलीच थाप होती, आणि मशीन आपल्याच खेळापायी गेलं.

सटवाजींनी विचारलं, "मार्तंडरावाला बोललास?"

"न्हाई."

"मग बोलू नको. मी अडाणी माणूस, माझी चूक लोकायला पटती. तुझी पटायची न्हाई."

नागनाथनं मान खाली घातली. खरं तर त्याला हायसं वाटलं होतं, ते तात्यांना दिसू नये म्हणून. पण म्हाताऱ्याच्या नजरेतून काय सुटतं? सटवाजींनी कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "जा आता. एस्टी चुकंल तुझी."